चमचा, मेणबत्ती आणि भाकीत

कार्लो गिन्झबर्ग ह्या इटालियन इतिहासकाराचा १९७९ सालचा खाणाखुणांविषयीचा निबंध चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना परिचित आहे. चित्रातील कानाच्या पाळ्या आणि नखे न्याहाळून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, सिगारच्या राखेवरून गुन्हेगारापर्यंत पोचणारा शेरलॉक होम्स आणि बोलण्याच्या ओघातील चुकांवरून मनाचा तळ शोधणारा फ्रॉइड, अशा तिघांना गिन्झबर्गने एका ओळीत बसवले. मोरेल्ली आणि फ्रॉइड वैद्यकाचे पदवीधर होते, होम्सचा जनक कॉनन डॉइलही डॉक्टर होता. आणि तिघांच्या पद्धतीचे मूळ वैद्यकातील लक्षणविचारात आहे, हे गिन्झबर्गचे म्हणणे. साहित्याच्या वर्गात हा निबंध शिकवताना आपण वैद्यकाचा उल्लेख करतो आणि लगबगीने संहितेकडे वळतो. ज्या शास्त्राकडून ही पद्धत उसनी घेतली, त्या शास्त्रात चिन्हांचे प्रत्यक्षात काय झाले, हे विचारायचे राहून जाते. ह्या लेखात आम्ही एकाच विकाराच्या चिन्हांचा मागोवा घेणार आहोत. तो विकार म्हणजे गर्भारपणातील प्रीएक्लॅम्प्सिया.

विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यानंतर, आधी निरोगी असलेल्या स्त्रीचा रक्तदाब वाढतो. १४०/९० ही त्याची रूढ सीमारेषा. बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातील बिंबाणू ह्यांपैकी कशावरही घाला पडू शकतो. झटके आले की त्या अवस्थेला एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरातील गर्भवतींपैकी शेकडा दोन ते आठ जणींना हा विकार होतो, आणि गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारांनी दरवर्षी चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात. त्यातील फार थोड्या श्रीमंत देशांतल्या असतात. वार पडल्याखेरीज ह्या विकारावर मुळातून उपाय नाही, म्हणजे प्रसूती. ती अठ्ठाविसाव्या आठवड्यात करावी लागली तर आईचा जीव वाचवण्याची किंमत बाळाला मोजावी लागू शकते. म्हणूनच ‘हे कोणाला होणार’ आणि ‘केव्हा होणार’ हे आधी कळण्याला इतके मोल.

आता नावाकडे पाहू. ‘एक्लॅम्प्सिया’चे मूळ ग्रीक आहे, एकाएकी चमकून उठणे, वीज लखलखणे असा त्याचा भाव. सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द वैद्यकीय ग्रंथांत दिसू लागतो आणि १७३९ मध्ये बुआसिये द सोव्हाज ह्या फ्रेंच वैद्याने एक्लॅम्प्सियाला अपस्मारापासून वेगळे काढले. निरभ्र आकाशातून वीज पडावी तसे हे झटके येतात, अशी ती प्रतिमा. ह्या नावातच एक कबुली दडलेली आहे: वीज कोठे पडणार हे कोणी सांगू शकत नाही.

पुढे ‘प्री’ हा उपसर्ग लागला आणि नावाचा सूरच पालटला. आपल्याकडे माधवनिदानात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. (त्यातील ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण, आजच्या मराठीत तो शब्द रोग ओळखण्याला लागला, हेही अर्थांतराचे एक सुरेख उदाहरण आहे.) ह्या परिभाषेत बोलायचे तर प्रीएक्लॅम्प्सिया हे पूर्वरूपाचे नाव आहे. एका रोगाला त्याच्या पुढे येणाऱ्या दुसऱ्या रोगाची प्रस्तावना म्हणून नाव मिळाले. वास्तविक झटके न येताही, केवळ मेंदूतील रक्तस्रावाने किंवा यकृताच्या बिघाडाने, ही ‘प्रस्तावना’ स्त्रीचा जीव घेऊ शकते. तरी नाव तेच राहिले, आणि नावाने नजर ठरवली.

निरभ्र आकाशात पहिला ढग दिसला तो लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये. तेथील रिचर्ड ब्राइट ह्यांनी १८२७ साली मूत्रपिंडाचा विकार, अंगावरील सूज आणि लघवीतील अल्ब्युमिन ह्यांचा संबंध दाखवून दिला होता. त्यांच्या परीक्षेला लागत असे एक चमचा आणि एक मेणबत्ती. चमचाभर लघवी ज्योतीवर धरायची. अल्ब्युमिन असेल तर तापताच ती गढूळ होऊन पांढरा साका धरू लागते, अंड्याचा बलक सोडून उरलेला भाग शिजताना धरतो तसा. ‘अल्ब्युमेन’ हा शब्द मुळी अंड्यातील पांढऱ्यासाठीचाच आहे. त्याच इस्पितळात बाळंतिणींवर उपचार करणाऱ्या जॉन लीव्हर ह्यांना झटके येणाऱ्या स्त्रियांचे सुजलेले चेहरे ब्राइटच्या रुग्णांसारखे भासले. त्यांनी अशा स्त्रियांची लघवी तापवून पाहिली. एक अपवाद वगळता प्रत्येकीत साका आला. येथे थांबले असते तर ती नुसती एक चमत्कारिक नोंद ठरली असती. लीव्हर ह्यांनी पन्नासहून अधिक इतर गर्भवतींचीही लघवी तपासली, आणि झटक्यांची पूर्वचिन्हे असलेल्या मोजक्या जणी सोडल्या तर एकीतही त्यांना अल्ब्युमिन आढळले नाही. शिवाय ज्यांच्यात ते आढळले त्यांच्या लघवीतून ते प्रसूतीनंतर झपाट्याने नाहीसे झाले; ब्राइटच्या रुग्णांत तसे होत नसे. १८४३ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन ह्यांनीही स्वतंत्रपणे हाच संबंध नोंदवला.

लीव्हर ह्यांचे खरे कर्तृत्व आम्हांला त्या पन्नास निरोगी स्त्रियांत दिसते. चिन्ह आहे तेथे रोग आहे, एवढे दाखवून भागत नाही. रोग नाही तेथे चिन्हही नाही, हे दाखवावे लागते. होम्सच्या गोष्टींत हा दुसरा भाग बहुधा गाळलेला असतो. तशीच राख झाडणारी आणखी किती निरपराध माणसे लंडनात होती, हे वॉटसन कधी विचारत नाही.

दुसरे चिन्ह यायला आणखी अर्धे शतक लागले. तोरिनोच्या रिव्हा-रोच्ची ह्यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचे रक्तदाबमापक १८९६ मध्ये जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर ह्यांनी एक्लॅम्प्सियात रक्तदाब चढतो, हे नोंदवले. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात प्रसूतिशास्त्र शिकून १८८६ साली पदवीधर झाल्या, प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर त्यांनी प्रबंध लिहिला, तो काळ नेमका ह्या दोन चिन्हांच्या मधला आहे. चमचा आणि मेणबत्ती होती. दंडावरचा पट्टा अजून दहा वर्षे दूर होता. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत बाळ गमावलेल्या ह्या स्त्रीने कोणत्या काळातले वैद्यक शिकण्यासाठी समुद्र ओलांडला, हे ह्यावरून उमगते.

चिन्हे हाती आली, पण अर्थ लागेना. शतक बदलताना विकाराचे नाव ‘टॉक्सिमिया’ पडले होते. रक्तात कसले तरी विष भिनते, असा समज. म्हणून रक्त काढा, जुलाब द्या, घाम काढा. ते विष कधीच सापडले नाही. जर्मन प्रसूतितज्ज्ञ पॉल त्स्वायफेल ह्यांनी १९१६ मध्ये ह्याला उपपत्तींचा विकार म्हटले, आणि पुढच्या सत्तर वर्षांत उपपत्तींची भर पडतच गेली. ह्या पंगतीत १९८३ साली एक कृमीसुद्धा येऊन बसला. रुग्ण स्त्रियांच्या रक्तात आणि वारेत तो दिसतो, असा निबंध एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात छापून आला आणि त्याचे ‘हायडॅटॉक्सी लुआल्बा’ असे लॅटिन वळणाचे बारसेही झाले. काचपट्टीवर रंग चढवताना उमटलेल्या त्या निर्जीव आकृती होत्या, हे लवकरच दाखवून दिले गेले. शिकागोच्या लाइंग-इन हॉस्पिटलच्या भिंतीवर प्रसूतिशास्त्रातील थोरांच्या नावांच्या ढाली कोरल्या आहेत, त्यांतील एक कोरी आहे आणि ती एक्लॅम्प्सियाचे कारण शोधणाऱ्यासाठी राखून ठेवली आहे, अशी आख्यायिका डॉक्टरांत सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, ती सांगावीशी वाटते ह्यातच त्या शास्त्राची मनःस्थिती दिसते.

अर्थ न लागताही चिन्हाचा उपयोग करता येतो, हे मात्र ह्याच काळात सिद्ध झाले, आणि आमच्या मते ह्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. एडिंबरोच्या जे. डब्ल्यू. बॅलंटाइन ह्यांनी प्रसूतीपूर्वीच स्त्रीकडे लक्ष द्यावे, हा आग्रह धरला. १९०१ मध्ये त्यासाठी इस्पितळात एक खाट मिळाली. खाटेचे पुढे बाह्यरुग्ण विभाग झाले. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये काढलेल्या पत्रकात गर्भवतीने केव्हा केव्हा तपासणीला यावे ह्याचे वेळापत्रक घालून दिले: सोळावा, चोविसावा, अठ्ठाविसावा आठवडा, मग छत्तिसाव्यापर्यंत पंधरवड्याला एकदा, नंतर दर आठवड्याला. शेवटी शेवटी भेटी दाट का होतात? हा विकार गर्भारपणाच्या उत्तरार्धात उद्भवतो म्हणून. आज जगभरच्या गर्भवती ज्या तारखांना दवाखान्यात जातात, त्या बऱ्याच अंशी ह्याच पत्रकाच्या छायेत ठरल्या आहेत. (‘डाउन्टन अ‍ॅबी’ ही ब्रिटिश मालिका पाहिलेल्यांना लेडी सिबिलचा १९२० सालातला मृत्यू आठवेल. गावचा डॉक्टर घोट्यांवरची सूज आणि लघवीतील अल्ब्युमिन दाखवून धोक्याची सूचना देतो. लंडनहून आणलेला बडा सर्जन ती उडवून लावतो. चिन्ह दोघांसमोर असते. कोणाच्या वाचनाला वजन आहे, एवढ्यावर सारे ठरते.)

१९५० च्या दशकात मेणबत्तीची जागा कागदी पट्टीने घेतली. पट्टीवरच्या रंगद्रव्याचा रंग एरवी आम्लतेनुसार बदलतो. आम्लता स्थिर राखली तर प्रथिनाच्या स्पर्शाने तो पिवळ्याचा हिरवा होतो. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेलाही अर्ध्या मिनिटात वाचता येईल असे हे चिन्ह. पण वाचणे सोपे झाले म्हणून ते निर्दोष झाले नाही. पाणी कमी प्यालेल्या स्त्रीची दाट लघवी पट्टी उगीच हिरवी करते, तर पातळ लघवीत खरे प्रथिनही लपून जाते.

ह्या सोयीतून एक अनर्थ घडला. अल्ब्युमिन हे विकाराचे चिन्ह होते; ते हळूहळू विकाराची व्याख्या झाले. चोवीस तासांच्या लघवीत ३०० मिलिग्रॅम प्रथिन असेल तर प्रीएक्लॅम्प्सिया, नसेल तर नुसता ‘गर्भारपणातील रक्तदाब’. मग ज्या स्त्रीचे यकृत बिघडत होते, बिंबाणू घसरत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण लघवी स्वच्छ होती, ती व्याख्येच्या उंबरठ्याबाहेर राहिली. साहित्यप्रकारांच्या व्याख्यांशी झगडणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की, व्याख्येबाहेर राहिलेली कादंबरी दगावत नाही. सूज हे सर्वांत जुने चिन्ह २००० सालच्या सुमारास निकषांतून गळले, कारण ती निरोगी गर्भवतींतही सर्रास दिसते. २०१३ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने प्रथिनाची सक्तीही उठवली. रक्तदाबाबरोबर इतर अवयवांना इजा झाल्याचा पुरावा असला तर लघवीची साक्ष नसली तरी चालेल, असे ठरले. लीव्हर ह्यांच्या शोधाला तेव्हा १७० वर्षे झाली होती.

परंतु ही सारी चिन्हे विकार सुरू झाल्यावरची आहेत. भाकितासाठी त्याआधीचे काही तरी हवे होते, आणि त्या शोधाची विसाव्या शतकातील कहाणी बरीचशी निराशेची आहे. रक्तातील युरिक आम्ल पाहिले गेले. १९७३ मध्ये अँजिओटेन्सिन शिरेतून देऊन रक्तदाब किती उसळतो हे मोजले गेले. त्यापाठोपाठ स्त्रीला कुशीवरून पाठीवर वळवून रक्तदाब घ्यायची सोपी परीक्षा आली. १९८७ मध्ये लघवीतील घटलेल्या कॅल्शियमकडे लक्ष वेधले गेले. प्रत्येकाचा आरंभीचा निबंध आशादायक होता आणि मोठ्या समूहात प्रत्येकाची धार बोथट झाली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्याने निर्वाळा दिला की, व्यवहारात उपयोगी पडेल अशी एकही भाकीत-चाचणी उपलब्ध नाही.

त्याच वर्षी परिस्थिती पालटू लागली, आणि त्यामागे एक फसलेला प्रयोग होता. कॅल्शियमच्या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्प्सिया टळतो का, हे पाहण्यासाठी १९९० च्या दशकात अमेरिकेत पहिलटकरणींवर एक मोठी चाचणी झाली होती. ४,५८९ स्त्रियांनी भाग घेतला आणि १९९७ मध्ये उत्तर आले: नाही टळत. पण त्या स्त्रियांचे गर्भारपणभर वेळोवेळी घेतलेले रक्ताचे आणि लघवीचे नमुने गोठवून ठेवलेले होते. कोणाला पुढे विकार झाला, कोणाला नाही, हे ठाऊक असलेले एक शीतबंद दप्तरच म्हणा. फक्त त्याला काय विचारायचे, हे कळायचे होते.

प्रश्न सुचला तो बोस्टनमध्ये. अनंत करुमंची हे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ह्यांना रुग्णांच्या वारेत एका प्रथिनाचे उत्पादन बेसुमार वाढलेले आढळले. एसएफएलटी-१ हे त्याचे नाव. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जगवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे घटक रक्तात फिरत असतात. एसएफएलटी-१ त्यांना वाटेतच पकडून ठेवते आणि अस्तर उपाशी पडते. एक दुवा अगदी भलत्या ठिकाणाहून आला होता. कर्करोगावर व्हीईजीएफ रोखणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जात होती. गाभण उंदरिणींत एसएफएलटी-१ वाढवताच रक्तदाब चढला, लघवीत प्रथिने आली, मूत्रपिंडात ह्या विकाराची खास विकृती दिसली. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मग शीतबंद दप्तर उघडले गेले. विकार झालेल्या १२० आणि न झालेल्या १२० स्त्रियांचे रक्त ताडून रिचर्ड लव्हीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढू लागते, आणि पीएलजीएफ तर तेराव्या ते सोळाव्या आठवड्यातच कमी असते. पुढच्या वर्षी लघवीची पाळी आली. एसएफएलटी-१ चा रेणू मोठा, निरोगी मूत्रपिंडाच्या गाळणीतून तो उतरत नाही. पीएलजीएफ लहान, तो उतरतो. लघवीत त्याचा तुटवडाही विकाराआधीच दिसला. चमचा आणि मेणबत्तीपासून निघालेला मार्ग असा पुन्हा लघवीपाशी आला. ह्या वेळी मूत्रपिंडाची गाळणी फुटण्याची वाट पाहावी लागली नाही.

ह्यातून जे भाकीत हाती आले त्याची जात मात्र अनपेक्षित आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील एका अभ्यासात विकाराची शंका असलेल्या गर्भवतींत ह्या दोन घटकांचे गुणोत्तर मोजले गेले. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्यात विकार होणार नाही, हे शेकडा ९९.३ वेळा खरे ठरले. ते ३८ च्या वर असेल तर चार आठवड्यांत विकार होईल, हे मात्र शेकडा ३६.७ वेळाच खरे निघाले. म्हणजे हा ज्योतिषी ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्यावर विसंबावे. ‘होय’ म्हणतो तेव्हा फक्त डोळ्यांत तेल घालून बसावे. हे उणे वाटेल, पण घरी पाठवता येणाऱ्या स्त्रीला घरी पाठवणे आणि उरलेलीकडे खाट राखणे हे थोडके नव्हे. ब्रिटनमधील ११ इस्पितळांत झालेल्या २०१९ च्या अभ्यासात पीएलजीएफचा आकडा डॉक्टरांना कळवल्यावर निदानाचा अवधी सरासरी ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. अमेरिकेत अशा चाचणीला २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

पहिल्या तिमाहीतील भाकिताला तर आता उपायाचीही जोड आहे. रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांतील प्रवाह, रक्तातील पीएलजीएफ आणि पॅप-ए ह्यांवरून धोक्यातल्या ठरलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले असता सदतीस आठवड्यांपूर्वीचा प्रीएक्लॅम्प्सिया शेकडा ४.३ वरून १.६ वर आला, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या विकारावर त्याचा परिणाम दिसला नाही.

आपल्याकडील माता व बाल संरक्षण कार्डावर रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन ह्यांचे रकाने असतात. त्या रकान्यांत १८९६ आणि १८४३ शेजारी शेजारी बसलेली आहेत. नवे घटक मोजायला यंत्र, शीतसाखळी आणि पैसा लागतो. पट्ट्याला आणि पट्टीला लागतात दोन हात आणि थोडा वेळ. अ‍ॅस्पिरिनची गोळी तर अत्यंत स्वस्त आहे. महाग आहे ती कोणाला द्यायची हे ठरवणारी तपासणी. तोवर पहिली खेप, आधीच्या खेपेतला विकार, जुळे, मधुमेह असल्या जुन्या प्रश्नांवरून निवड करावी लागते, आणि ते प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

इकडे व्याख्येचा वाद पुन्हा सुरू झाला आहे. गर्भारपणातील रक्तदाबाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ ह्यांच्या असमतोलाला निदानाच्या निकषांत जागा दिली. भाकिताचे चिन्ह व्याख्येत शिरले. अल्ब्युमिनच्या वेळी चिन्ह हे प्रवेशाची अट झाले होते. ह्या वेळी ते अनेक दारांपैकी एक दार आहे, यकृत, बिंबाणू, मूत्रपिंड, मेंदू ह्यांच्या बरोबरीचे. ज्या दवाखान्यात हा आकडा मोजता येत नाही तेथील स्त्रीला बाकीची दारे उघडी आहेत, तोवर आमची तक्रार नाही.